काचेची पट्टी

तिबिलिसीच्या ग्लदानी भागातली नऊ मजली इमारत.
तिसऱ्या जिन्याच्या वळणावर
नेस्तानने भेगेवर आडवी चिकटवली
एक काचेची पट्टी, बोटभर लांब.
एक टोक भेगेच्या या काठाला, दुसरं त्या.
खाली हिरकणीने कोरली तारीख: चौदा ऑक्टोबर.
आणि ती निघून गेली.

"एवढी इंजिनिअर बोलावली
आणि काच डकवून गेली?"
सातव्या मजल्यावरून मेदेआबाईंचा आवाज
जिनाभर उतरत राहिला.

अकराव्या दिवशी काच तडकली.
सरळ, मधोमध,
कुणी हात न लावता.

मग नेस्तान जुना नकाशा काखेत घेऊन
तळमजल्यावर ओतारच्या बेकरीत शिरली.
भट्टीच्या तोंडाशी वाकलेला ओतार
होडीसारखे लांबट पाव काढत होता.
तिने पावलांनी दुकान मोजलं.
कागदावर जिथे जाड काळी रेघ होती
तिथे आता काउंटर होता, गिऱ्हाईक होतं,
सुट्टे पैसे ठेवायची निळी बशी होती.

"इथली भिंत?"
"ती होय! पाडली गेल्या वसंतात.
नुसतीच उभी होती हो.
काही करत नव्हती."

तिने वर पाहिलं.
वर आठ मजले. त्यांतली कपाटं, न्हाणीघरं,
मेदेआबाईंचा पियानो,
पाचव्यावर कालच जन्मलेलं कुणीतरी.
"उभी होती," ती म्हणाली,
"तेवढंच काम होतं तिला."

ओतारने गरम पाव पुढे केला.
तिने घेतला, आणि पैसे बशीत टाकले.
संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचं पत्रही
तिच्याच सहीचं होतं.
ओतारच्या डोक्यावर कर्ज होतं, हाताखाली तीन पोरं होती.
तो रस्त्यावर उभा राहून ओरडला,
जे ओरडायचं ते सगळं.
तिने ऐकून घेतलं. टेकू येईपर्यंत हलली नाही.

रात्री दीड वाजता पहिला जॅक तुळईला भिडला.
म्हणतात, भिंतींना कान असतात.
तिने आपला कान भिंतीला लावला.
आत कुठेतरी एक बारीकसं *कट्*,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

एक गोष्ट ती कुणाला सांगत नाही.
सव्विसाव्या वर्षी, साहेबांना घाई होती म्हणून,
न बघता सही केली होती तिने
नदीपलीकडल्या एका घराच्या वाढीव सज्ज्यावर.
पस्तीस वर्षं झाली. सज्जा उभा आहे.
त्यावर कपडे वाळतात, कुणी द्राक्षवेल चढवलाय.
दरवर्षी ती तिथे जाऊन, घरमालकाला काहीतरी सांगून,
स्वतःच्या पैशाने एक काच लावून येते.
एकदाही तडकली नाही.
हे आपलं श्रेय नाही, तिला ठाऊक आहे.

नवी भिंत आली, पोलादी चौकटीसकट.
जिन्याच्या वळणावर नवी काच.
चौथ्या मजल्यावरचा शाल्वा, वय वर्षं सात,
पायरीवर बसून बघत होता.
"आणि ही नाहीच फुटली तर?"
"तर काही होणार नाही."
"काहीच?"
"काहीच."

तो जरा हिरमुसला.
तिने तारीख कोरली, काचेवरची धूळ फुंकली,
आणि कठड्याला हात न लावता
जिना उतरू लागली,
पायऱ्या मोजत, सवयीने.