विंगेतून

मे महिना, ग्वाल्हेर, शेहेचाळीस अंश,
आणि कालिंदी भागवत लोकरीची शाल गुंडाळून
बर्फात उभी आहे.
कूलर बंद. त्याच्या घरघरीत
वारा ऐकू येत नाही, म्हणते.

गोष्ट रशियातली. आडस्टेशनावरची फाटकवाली,
नवरा गेलेला, गाव सात व्हर्स्ट दूर.
"सात व्हर्स्ट म्हणजे किती हो?"
मी हिशेब केला: साडेसात किलोमीटरला थोडं कमी.
बाड्यावरून मुरार, साधारण.
"मग चालत जाईल ती," म्हणाली,
आणि त्या दिवसापासून तिची पावलं बदलली.

पुस्तक सत्त्याहत्तर सालचं,
प्रदर्शनाच्या गाडीतून तीन रुपयांना घेतलेलं,
कापडी बांधणी, अजून गोंदाचा वास.
लेखकाचं नाव जिभेवर बसत नाही
म्हणून ती त्यांना नुसतं 'हे' म्हणते.
"इथे ह्यांनी स्वल्पविराम दिलाय, रेंगाळायचं नाही."
"ह्यांना रडणं आवडत नसावं."
समोवार मिळाला नाही. जनकगंजातल्या कुणाच्या माळ्यावरून
तांब्याचा बंब आणला, चिंचेने घासला.
बिचारा जन्मभर अंघोळीचं पाणी तापवून
आता चहाच्या भूमिकेत.

मी प्रॉम्प्टर. एकतीस वर्षं ए.जी. ऑफिसात
दुसऱ्यांच्या वह्यांत काय नाही ते शोधलं.
अठ्ठावन्न पानं, एक बाई, एक खुर्ची.
पहिल्याच तालमीत पान एकेचाळीसवर एक ओळ कमी:
त्याचे बूट तिने विकले, आणि त्या पैशांत साखर आणली.
अडखळावं असं एकही अक्षर नाही.
दुसरी तालीम, कमी. नववी, कमी.
पेन्सिलीने खूण केली. "हो, पाहते," म्हणाली,
आणि बंबातला नसलेला विस्तव फुंकत राहिली.

आक्षेप नोंदवायची सवय जुनी. पण मार्चमध्ये
भागवतांच्या स्कूटरचे कागद मीच करून दिले होते,
दौलतगंजच्या एका पोराच्या नावावर.
किक बसेना, तेव्हा तिनेच त्याला सांगितलं:
थोडी डावीकडे कलती कर, मग लागते.
हॉलचं भाडं, दिवे, चाळीस खुर्च्या,
पावत्या माझ्याकडे आहेत.

प्रयोगाला त्रेचाळीस माणसं. तीन उभी.
पान एकेचाळीस आलं. ती थांबली.
तिथे स्वल्पविराम नव्हता.
कुठेतरी पंखा, कुणाची तरी बांगडी.
मी हळू सांगितलं. ती हलली नाही.
मग ती ओळ मी मोठ्याने वाचली,
अखेरची शिल्लक वाचतात तशी, सपाट.
त्रेचाळीस माणसांनी ऐकली.
तिने मान वळवली विंगेकडे,
माझ्या जरा पलीकडे कुठेतरी पाहिलं,
आणि पुस्तकात नाही ते म्हणाली:
"हो. गोड लागली."

नंतर एका गृहस्थांनी विचारलं,
तो आतून येणारा पुरुषी आवाज, टेप होती का?
"टेपच," ती म्हणाली, पिना काढत.

पेन्सिलीची खूण मी खोडली.
आता एक ओळ जुळते, तर दोन वाक्यं जादा निघतात;
ती कुठे दाखल करायची
हे तीस वर्षांच्या कुठल्या परिपत्रकात नव्हतं.
टेम्पोवाला म्हणाला, बंब कहाँ उतारना है?
जनकगंज, म्हणालो.
ती पुढे बसली, रात्रीचे अकरा, एकोणचाळीस अंश,
शाल अजून खांद्यावर.