दंतवैद्याचं बिल

दर मंगळवारी दुपारी दोन दहाच्या गाडीने
एर्सिलियाबाई दंतवैद्याकडे जातात.
सांतियाला गाडी बदलायची, मग तोरिनो.
गेल्या ऑक्टोबरपासून.

रंगखात्यातला गाउदेन्झियो परवा म्हणाला,
"एवढ्यात तर मगरीचेही सगळे दात काढून झाले असते."
आम्ही हसलो. बाईही हसल्या,
आणि त्यांचे दात, मला जवळून दिसले,
ठणठणीत होते.

मी गिरणीचा हिशेबनीस.
माणसांचं मला फारसं कळत नाही, पावत्यांचं कळतं.
एका कॉफीची पावतीसुद्धा बाई घडी घालून आणून देतात.
सात महिने झाले,
दाताची एकही नाही.

आकड्यांच्या आडून दिसतं तेवढं बाकीचंही दिसलं होतं.
सप्टेंबरात श्टुटगार्टच्या गिऱ्हाइकाने
सहा हजार मीटर कापड रद्द केलं,
त्या आठवड्यात त्यांच्या सहीचं शेवटचं अक्षर
कागदावरून घसरत घसरत
पार तारखेपर्यंत गेलं.
मग एका पहाटे मी फाटक उघडायला आलो तर
आवारात त्यांची गाडी, काचा आतून धुरकटलेल्या,
आत बाई, कोट घातलेल्या, जाग्या.
"लवकर आले आज," म्हणाल्या.
मी म्हणालो, "हो, थंडी आहे."
याहून जास्त आम्ही दोघं काही बोललो नाही.
एकेचाळीस जणांचा पगार आदल्या दिवशी
वेळेवर झाला होता. मीच केला होता.

त्यांच्या वडिलांच्या हाताखालीही मी होतो.
थोरल्या एलिजिओंनी मंदीत कुणाचा एक लिरा बुडवला नाही,
आणि नंतर दातखीळ बसावी तसे
अकरा वर्षं
जेवताना मीठ मागण्यापुरते बोलले.
गावाने याला खंबीर म्हटलं.
दगडावर तोच शब्द कोरलाय.
बाई रविवारी तिथे फुलं ठेवतात,
आणि मी पाहिलंय,
तो शब्द झाकला जाईल अशीच ठेवतात.

काल त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात जाड पाकीट.
तीस मंगळवारांच्या तीस पावत्या,
वर छापलेलं नाव, आणि नावाखाली: मानसोपचारतज्ज्ञ.
"देल्फीनो, या कुठल्या खात्यात टाकायच्या?"
मी चष्मा पुसला. स्वच्छच होता.
"खासगी?"
"कशी खासगी? तिथे मी गिरणीसाठीच रडते."
"किरकोळ?"
त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.
खालच्या मजल्यावर माग चालू होते,
बराच वेळ तेवढेच बोलत राहिले.

"पिंजणयंत्राचं तेल कुठे टाकता?"
"देखभाल."
"मग?"

करसल्लागार हरकत घेईल, म्हणालो.
"घेऊ दे. त्यालाही पत्ता देईन."
दारापर्यंत गेल्या, परत वळल्या.
"पहिल्या दिवशी पाऊण तास मी तिला
लोकरीचे भाव सांगत बसले, माहितीये?
ती लिहून घेत होती.
मला वाटलं, चला, निदान कुणीतरी
माझ्याबरोबर बेरीज करतंय."

मी वही उघडली. निळी शाई. तीस ओळी.
देखभाल, देखभाल, देखभाल,
बाराव्या ओळीनंतर अक्षर जरा बिघडलं,
ते मी तसंच ठेवलं.

संध्याकाळी गाउदेन्झियो डोकावला,
कोपरापर्यंत जांभळा.
"काय म्हणतायत बाईंचे दात?"
"तूच विचार," म्हणालो, "सांगतील आता."
तो शिट्टी घालत निघून गेला.

दिवा मालवताना माझी जीभ
आपसूक मागच्या डाव्या दाढेकडे गेली.
तिथे काही दुखत नाही.
तरी बरीच वर्षं
ती तिथे जात असते.