उतरंडीतला तिसरा

आधी वीज काढायची, मग केबल.
राइली दोनदा सांगते,
कारण मागल्या खेपेला मी उलटं केलं होतं
आणि वजनकाट्यावर उभा लाकडाचा ट्रक
अकरा मिनिटं शून्य किलोचा होऊन बसला.

बाहेर उणे सत्तावीस. केमी नदी गोठून गप्प.
आत रॅकमध्ये चार स्विच, एकावर एक,
बाहेरच्यांना मात्र एकच दिसणारे:
एक नाव, एक पत्ता,
पहिला बोलतो, बाकीचे त्याच्या तोंडून.
प्रत्येकाच्या पाठीला दोन हात.
वरच्याचा खालच्याला, खालच्याचा त्याच्या खालच्याला,
आणि शेवटच्याचा लांबून वळून
परत पहिल्याला.

तिसऱ्यावर मशीन नंबर तीन होतं.
ते ऑगस्टमध्ये थांबलं.
तेव्हापासून याचे अठ्ठेचाळीस दिवे विझलेले,
पंखा तेवढा फिरतोय, सवयीने.

मातीची उतरंड असती तर मधलं मडकं कोण काढणार?
इथे काढता येतं.
राइली गुडघ्यांवर बसते, हातमोजे दातांनी ओढते,
दुसऱ्याचा मोकळा झालेला हात
चौथ्याच्या हातात देते.
कडं पुन्हा जुळतं.
कुणाचा फोन येत नाही.
तीच शाबासकी.

स्क्रीनवर मात्र तो अजून आहे.
तीन: जागा राखून ठेवलेली.
खाली त्याच्या पोर्टांची नावं, कुणीतरी कधीतरी लिहिलेली:
वाळवणी सिलिंडर सात.
रोल कापणी.
काउकोची खोली.
काउकोच्या खोलीत आता रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या गोण्या आहेत.
एक ओळ टाइप केली की हे सगळं जाईल.
राइली ती ओळ टाइप करते,
मग कॉफी आणायला जाते,
परत येते,
कॉफी अर्धी पिते,
आणि एंटर दाबते.

आता मोजणी एक, दोन, चार.
नीट करू या का, मी विचारतो.
चौथा बंद करून चालू करावा लागेल, ती म्हणते,
आणि बॉयलर चौथ्यावर आहे.
राहू दे खिंडार.

टेबलावर तो एकटा सुरू होतो.
बराच वेळ शोधतो,
डाव्या हाताला कोणी, उजव्या हाताला कोणी,
मग ठरवतो की आपणच मुख्य.
पण नाव विचारलं तर: तीन.
सगळं पुसलं, कोरा केला,
पुन्हा विचारलं: तीन.
मला हसू आलं.
राइली हसली नाही.
एकोणीस वर्षं ती त्या मशीनवर होती,
मग रात्रीचे वर्ग करून इकडे आली,
आणि कँटीनमध्ये अजूनही तिला
तिसरीची राइली म्हणतात.

याला वेगळं सांगावं लागतं, ती म्हणाली.
पुसून भागत नाही.
आणि तिने सांगितलं: तू एक.
तो मुकाट बंद झाला, पुन्हा उठला.
एक.

नदीपलीकडच्या वाचनालयात त्याला जागा मिळाली
झाडू आणि ख्रिसमसच्या ताऱ्यांच्या कपाटात.
बारा तारा जोडल्या, छत्तीस भोकं रिकामी.
आउने, ग्रंथपाल, दारातच उभी:
आवाज फार करणार का हा?
सुरुवातीला, मी म्हणालो.

वीज दिली. पंखे किंचाळले,
आणि मागच्या जाळीतून
इतक्या वर्षांचं साठलेलं काहीतरी
पांढरं, मऊ, भुरभुरत बाहेर आलं
आणि परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगावर बसलं.
आउनेने बाहीने एक पुठ्ठा पुसला,
बोट नाकाशी नेलं.

कागद आहे, राइली म्हणाली.
आमचाच.