शुभारंभाचा प्रयोग

वागळे इस्टेटमधला गाळा. लेथ, ड्रिल, कंप्रेसर
आणि त्यांच्यामध्ये तिरपं उभं विमान,
कारण सरळ मावत नाही.
पंख काढून भिंतीला टेकवलेत,
मांडवाचे खांब ठेवावेत तसे.

जगन तरे म्हणतो, कॅप्टन, हात लावून बघा.
अकरा वर्षं. नळ्या त्यानं वाकवल्या,
कापड हेमांगीवहिनींनी शिवलं.
एका इंचात किती टाके, हे मला त्याच सांगतात.
दाराशी ठळक अक्षरांत रंगवलंय: प्रायोगिक.
आणि जगनच्या खिशात छापील कार्डं,
‘शुभारंभाचा प्रयोग. रविवार, सकाळी सहा,
मलंगगडाखालची पट्टी. नंतर अल्पोपाहार.’

मी हसलो. मग नाही हसलो.
रंगायतनात नट वाक्य विसरला
तर विंगेतून कुणीतरी पुरवतं.
इथला नट पाव इंचाचा,
आणि विंगेत कुणी नसतं.

आडवा झालो चटईवर, टॉर्च दातांत.
उमेदीत मी हे करत नसे.
एक चक्कर, प्रोपेलरला थाप, की बसलो.
ते कोलासोच्या आधी.

कोलासोचं इंजिन दोनशे फुटांवर बंद पडलं
आणि तो मागे वळला.
मागे पट्टी होती ना. गवत कापलेलं, चुना मारलेला,
मेव्हणा कॅमेरा घेऊन उभा.
पुढे नुसतं खाजण.
खाजणात चिखल होता. फार तर पाय मोडला असता.
वेग नसताना वळलं की आतला पंख हवा सोडतो,
हे त्यानंच मला शिकवलेलं,
फळ्यावर, खडूनं बाण काढून.

प्रत्येक नटावर लाल रेघ, मुलीचं नेलपॉलिश.
आवळला की रेघ. रेघ सरकली की ढिला.
मी मोजत मोजत शेपटाकडे गेलो,
परत आलो, सीटखाली मान घातली.
एलेव्हेटरच्या दांड्यावर एक नट कोरा.
पिनेच्या भोकातून टॉर्चचा उजेड आरपार.

बोटानं फिरवला.
फिरला.

जगन पालथ्या डब्यावर बसला.
‘शुक्रवार होता. शुक्रवारी इथे वीज नसते.
बॅटरीवर करत होतो. अचानक आली,
लेथ चालूच राहिलेला, तो बंद करायला उठलो...’

चौदा महिन्यांपूर्वी उठला होता तो.
अजून परत बसला नव्हता.

मी काही बोललो नाही. बोलणारा मी कोण?
पिटोच्या नळीवरची लाल रिबिनीची टोपी
न काढताच उडालोय एकदा,
वेगाचा काटा शून्यावर,
तारांमधला वारा ऐकत ऐकत उतरलोय,
आणि खाली येऊन कुणाला सांगितलं नाही.

रविवार नाही, एवढंच म्हणालो.
सगळं सोडायचं. शेपटापासून पुन्हा.
यादी वहिनींनी वाचायची, मोठ्यानं.
‘पिन?’
‘आहे,’ जगन.
‘तुम्ही नाही. ज्यांनी बसवली नाही, त्यांनी सांगायचं.’
‘आहे, वहिनी.’
रात्री दोनपर्यंत असं.

रविवारी मात्र आकाश असं उघडलं
की मलाच राग आला. वारा नाही, ढग नाही,
येऊरच्या डोंगरावर एक घार, पंख न हलवता.
कार्डं वाटून झाली होती, घावणे झाले होते,
चवळीची उसळ झाली होती,
तेव्हा पाहुणे गाळ्यातच जमले,
इंजिनावर पेपर पसरून बश्या ठेवल्या.
कुणीतरी विचारलं, मग उडणार कधी?
जगन म्हणाला, उसळ घ्या ना.

त्याचा भाचा चढून सीटवर बसला,
तोंडानं इंजिन चालू केलं,
कांडी पोटाशी ओढली, पुढे ढकलली, ओढली.
मागे शेपूट नव्हतंच.
नुसता दांडा, उघडा, पुढे मागे होत होता
घावण्याच्या वासात,
आणि त्यावर एक नवी पिन,
दोन्ही टोकं वाकवलेली.