खिळ्याचं भोक

मूळगावच्या देवळात वर्षभर
सोयरू मेस्तांनी मला नुसती वर्तुळं काढायला लावली.
जमिनीवर राख पसरायची,
मधे खिळा, खिळ्याला काथ्या, काथ्याला करवंटीचा तुकडा.
सहा पाकळ्या एकाच मापात बसतात
हे आकड्यांआधी बोटांना कळलं.

'मोर कधी?' विचारलं की म्हणायचे,
'मोर सुटतो रे. आधी दावं शीक.'

मग एका चैत्रात भिंतीवर चुना,
वर हुरमुंजाचा तांबडा थर
आणि हातात कंटा.
ओलं आहे तोवरच.
खरवडलं ते पांढरं, राहिलं ते तांबडं,
खोडायची सोय नाही.
मी मोर काढला.
मेस्तांनी त्याच्या पोटावर कैवार टेकवला, फिरवला,
आणि काही न बोलता विडी पेटवली.

आता तिथे टाइल्स बसतायत, गुळगुळीत.
परवा कंत्राटदाराची नजर चुकवून
उरल्या भिंतीवर हात फिरवला.
मोराची मान गेलेली. फुलं फिकट.
फक्त मोठ्या फुलाच्या मधोमध
करंगळीचं टोक जाईल एवढं भोक,
जिथे सोयरू मेस्तांनी खिळा धरला होता
आणि मी दोरी ताणून, वाकत, चढत,
त्यांच्या हाताभोवती
फिरलो होतो.