फ्रिजचा उजेड

सहा तासांत सोडलं तिला.
टाके दोन, रक्तस्राव बेताचा,
बाळानं एकदा लंगोट भिजवला, एकदा छाती धरली.
माझ्याच अक्षरात आहे सगळं, खाली सही माझीच.
"घरीच बरं वाटेल," ब्रायनी म्हणाली.
त्या मजल्यावर सगळ्याच म्हणतात तसं;
दाराबाहेर पुढची कळा सोसत उभी असते ना.

कार-सीटचे पट्टे मी दोनदा ओढून पाहिले.
टॅक्सीवाला मीटर बंद ठेवून थांबला होता,
एवढं मात्र लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी जायचं ते तिसऱ्यावर गेलं, माणसं कमी.
हल शहर, जानेवारी,
दुपारी चारलाच काळोख.
तिचा डीन समुद्रात, पवनचक्क्यांच्या बोटीवर, अजून नऊ दिवस.
ओली बाळंतीण स्वतःच आली दार उघडायला,
भिंत धरत धरत,
आणि वर मलाच म्हणते, "सॉरी हं, पसारा आहे."

"फार गुणी आहे," म्हणाली,
"रडत नाही की काही नाही. नुसता झोपतो."

हे वाक्य ऐकलं की मी कोट काढत नाही.

दिव्याखाली आम्ही सगळेच पिवळे:
ती, मी, भिंत, टॉवेल.
खिडकीशी नेलं तर तिथे रस्त्यावरचा नारिंगी खांब.
मग स्वयंपाकघरात जाऊन मी फ्रिज उघडला
आणि त्या पांढऱ्या उजेडात,
शेजारणीच्या सुपासमोर, अर्ध्या लिंबासमोर,
धरलं त्याला.
कपाळ अंगठ्यानं दाबलं. सोडलं.
नाक. छाती. पोटापर्यंत.

लिंबाकडे नजर गेली. जायला नको होती.

गार हवा दोघींच्या पावलांवर उतरत होती.
काय झालंय, असं विचारलं नाही तिनं.
"माझं काही चुकलं का?"

नाही गं, म्हटलं.
पुढचं वाक्य होतं तोंडात, ते मी
फोन लावण्यात घालवलं.

आता तो निळ्या दिव्याखाली आहे,
डोळ्यांवर पट्टी, मुठी उघड्या.
तिच्या पलंगावर तिच्यानंतरची चौथी.
तिला खुर्ची मिळाली, आणि एक उशी,
ती मी दुसऱ्या वॉर्डातून उचलून आणली.

रात्री अकराला दात घासताना आठवलं:
घाईत तिच्या फ्रिजचं दार
आम्ही उघडंच टाकून आलो.