ट्रायल रूममध्ये उडी

गोखले रोडवरच्या दुकानात भोईरबाई
गळ्यातली टेप काढतात, म्हणतात,
श्वास सोडा. पोट नाही, श्वास.

वीस वर्षं मी छत्तीस.
कोणी ठरवलं, आठवत नाही.
काउंटरवर हलक्या आवाजात आकडा सांगायचा,
खाकी पुडकं पर्सच्या तळाशी ढकलायचं.

चौतीस, त्या खणखणीत म्हणतात,
आणि कप दोन नंबर पुढे.
पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघतात,
पोत्याची शिवण बघावी तशा.

आता उडी मारा.
इथे?
मग काय तळ्यावर जाऊन कळायला हवंय?

चपला काढून, पडद्याआड,
एक्केचाळिसाव्या वर्षी मी उडी मारते.
हँगर वाजतात.
बाहेर कोणीतरी परकराचा भाव करतंय.

आठवीत, शंभर मीटरला
मी हात छातीशी आवळून धावले होते.
कडेने सावे सर ओरडत होते,
हात सोड, अगं हात सोड!
त्यांना काय सांगणार.
पाचवी आले. पुढच्या वर्षी नाव दिलं नाही.

अजून एक, भोईरबाई म्हणतात, हात वर करून.

आरशातली बाई वर जाते,
खाली येते,
आणि तिचं सगळं तिच्याबरोबरच येतं.

नऊशे साठ. पिशवी देऊ?
नको, म्हटलं.
घालूनच जाते.